घरात दोन राउटर आणि बँडविड्थ कंट्रोल चालतच नाहीये? हे या क्रमाने तपासा

आमचं घर विक्रोळीला कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, शेजारशेजारच्या दोन खोल्या जोडून केलेलं. मधली भिंत चांगलीच जाड आहे, त्यामुळे हॉलमधल्या राउटरची रेंज आतल्या खोलीत जाईपर्यंत एका दांडीवर येते, म्हणून आत दुसरा राउटर लावला. ताई आत बसून घरून काम करते, दिवसाला चार-पाच व्हिडिओ कॉल तरी असतातच. गणपतीत मामेभाऊ आला, त्याने वायफायचा पासवर्ड घेतला, फोन खिशात टाकला आणि आरतीला उभा राहिला, आणि इकडे त्याच्या फोनने शेकडो फोटो-व्हिडिओ बॅकअपला टाकायला घेतले. आतून ताईचा आवाज, "अरे परत अडकलं बघ, समोरचे म्हणतायत माझा आवाजच येत नाहीये!"

मी लगेच हॉलमधल्या राउटरचं सेटिंगचं पान उघडलं, बँडविड्थ कंट्रोलमध्ये (कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवायचा मेनू) त्याच्या फोनचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) टाकून २ एमबीपीएसची (सेकंदाला २ मेगाबिट) मर्यादा लावली, सेव्ह केलं. काहीही फरक नाही. राउटर रीस्टार्ट केला, तरी नाही. तो नियम का लागत नव्हता हे कळायला मला तीन संध्याकाळी गेल्या, तुमची एकातच निपटावी म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी कारण समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पहिल्या, म्हणजे हॉलमधल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून (घरातली डिव्हाइसेस जोडायचा) वायर काढून ती दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घातली (बाहेरचं नेट जिथे येतं तो, वेगळ्या रंगाचा, बहुतेक निळा असतो) की दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. तो आपल्या फोन-लॅपटॉपना स्वतःचे आयपी वाटतो आणि बाहेर जाताना सगळ्यांना आपल्या एकाच आयपीच्या मागे लपवतो, यालाच नॅट म्हणतात, आणि असे दोन राउटर एकामागे एक लागले की डबल नॅट. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वहीत प्रत्येक पाहुण्यासमोर नुसतं "बी विंग" लिहावं, फ्लॅट नंबर नाही, तसं होतं. हॉलमधल्या राउटरला ताईचा लॅपटॉप, मामेभावाचा फोन हे काही वेगवेगळं दिसतच नाही, त्याला फक्त "दुसरा राउटर" दिसतो. मी मामेभावाच्या फोनचा म्हणून जो आयपी टाकला होता तो आतल्या राउटरने दिलेला होता, त्या आयपीचं कोणी पहिल्या राउटरसमोर कधी येतच नव्हतं, मग नियम लागणार कोणाला.

म्हणून घरात नियम लावणारा राउटर एकच ठेवायचा, आणि तो असा हवा की त्याला घरातलं प्रत्येक डिव्हाइस आपापल्या आयपीने दिसलं पाहिजे. खाली जे काही आहे ते हे साधण्यासाठीच आहे.

तुमच्याकडे डबल नॅट आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. फोन हॉलमधल्या वायफायला जोडा, वायफाय सेटिंगमध्ये नेटवर्कच्या नावावर टॅप करा, आयपी आणि गेटवे (ज्या राउटरमधून फोन बाहेर जातो त्याचा आयपी) कागदावर लिहून घ्या. मग आतल्या वायफायला जोडून तेच परत करा. दोन्हीकडे गेटवे एकच, समजा १९२.१६८.०.१, तर डबल नॅट नाही. एकीकडे १९२.१६८.०.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.१.१ असं आलं तर आहे. लॅपटॉपवाल्यांनी आतल्या वायफायवरून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट (tracert) कमांड ८.८.८.८ वर (गूगलचा सर्व्हर) चालवून बघा, पहिल्या दोन ओळींत तुमच्याच दोन राउटरचे आयपी दिसले की पक्कं झालं.

हे करताना एक तिसरी गोष्टही बघा, मला ती शेवटी सापडली, तुम्ही आधीच बघा. फायबरवाला जो पांढरा डबा भिंतीला लावून जातो, ओएनटी, तो स्वतःसुद्धा बऱ्याचदा राउटरच असतो आणि त्याचं वायफाय चालू असतं. तुमच्या पहिल्या राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला तर ओएनटीच तो देतोय असं समजा. त्याने तुमचे नियम बिघडत नाहीत, पण घरातलं एखादं डिव्हाइस थेट ओएनटीच्या वायफायला जोडलेलं असेल तर ते तुमच्या राउटरला वळसा घालून जातं. आमचा टीव्ही तसाच निघाला. कनेक्शन घेतलं त्या दिवशी माणसाने ओएनटीचं वायफाय टाकून टीव्ही चालू करून दाखवला होता, तो तेव्हापासून तिथेच. आई रात्री सिरियल लावायची आणि माझे सगळे आकडे चुकायचे. टीव्ही आपल्या राउटरवर घ्या आणि ओएनटीचं वायफाय बंद करा. नेटवाल्याला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून नुसतं नेट पुढे देणं) टाकून घेतला तर आणखी चांगलं, पण मग युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये टाकावा लागू शकतो, तो आधी मागून ठेवा.

आता मुख्य काम, दुसऱ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट बनवायचं. म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल, आयपी वाटणं आणि हिशोब ठेवणं पहिल्याकडे. तुमच्या राउटरमध्ये ऑपरेशन मोड असा मेनू असेल आणि त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर तो निवडा, सेव्ह करा, राउटर रीस्टार्ट होईल, झालं. असा मोड नसेल तर हाताने करायचं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे, मी उलट्या क्रमाने केलं आणि राउटर रीसेट करून परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

दुसऱ्या राउटरची पहिल्याकडून येणारी वायर काढून ठेवा. लॅपटॉप वायरने दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. आधी त्याचा लॅन आयपी बदला, पहिला राउटर १९२.१६८.०.१ असेल तर याला १९२.१६८.०.२ द्या. पण पहिला राउटर जे आयपी वाटतो त्या रेंजमध्ये हा आकडा येता कामा नये, बऱ्याच राउटरमध्ये ती रेंज १०० ते १९९ असते, तुमची काय आहे ती डीएचसीपीच्या (आयपी वाटण्याच्या सोयीच्या) पानावर दिसेल. सेव्ह केल्यावर पान उडेल, घाबरू नका, नवीन आयपी टाकून परत लॉगिन करा. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा. मग पहिल्याकडून येणारी वायर दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये नाही, वॅन पोर्ट आता रिकामाच राहणार. शेवटी सगळ्या फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा म्हणजे ते नवीन आयपी घेतील.

डीएचसीपी बंद करायचा राहिला तर घरात आयपी वाटणारे दोघं होतात. मग कोणाला कुठून आयपी मिळेल याचा नेम नाही, एखाद्या फोनला गेटवे म्हणून दुसराच राउटर मिळतो आणि वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट नाही. "काल चालत होतं, आज नाही, माझ्याकडे चालतं, तिच्याकडे नाही" अशी तक्रार घरात सुरू झाली की पहिला संशय याच्यावर घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, अ‍ॅक्सेस पॉइंट झाल्यावर दुसऱ्या राउटरमधलं बँडविड्थ कंट्रोल काम करत नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये तो मेनूच गायब होतो. बिघडलं असं समजून परत राउटर मोडवर नेऊ नका. ट्रॅफिक आता त्याच्यातून नुसतं पलीकडे जातंय, नियम फक्त पहिल्यावर.

वायर टाकणं शक्य नाही म्हणून कोणी दुसरा राउटर रिपीटर म्हणून (पहिल्याचं वायफाय हवेतून पकडून पुढे देणारा) लावला असेल, तर बरेच रिपीटर मागच्या सगळ्या डिव्हाइसेसचा ओळख नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस बदलून पुढे स्वतःचाच दाखवतात. तेव्हा पहिल्या राउटरच्या यादीत एकाच मॅकसमोर तीन-चार आयपी दिसतात आणि मॅकवर लावलेला नियम एक तर सगळ्यांना लागतो किंवा कोणालाच नाही. शिवाय एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) घेऊन त्याच बँडवर पुढे देणारा रिपीटर स्पीड जवळपास अर्धा करतो. माझं मत स्पष्ट आहे, जमेल तशी वायरच टाका. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर हव्या त्या लांबीची कॅट ६ केबल दोन्ही टोकांना कनेक्टर मारून, टेस्टरवर तपासून देतात, ती दाराच्या चौकटीवरून पट्टीतून नेता येते.

आता नियम कोणाला लावायचा ते. बरेच राउटर आयपी बघून नियम लावतात आणि फोनचा आयपी बदलत राहतो, म्हणून अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशनमध्ये जाऊन प्रत्येक महत्त्वाच्या डिव्हाइसचा मॅक आणि कायमचा आयपी बांधून टाका. इथे आजचे फोन गोची करतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक न देता बनावट मॅक देतो, आणि प्रत्येक वायफायच्या नावाला वेगळा. म्हणजे हॉलमधल्या वायफायचं नाव एक आणि आतल्याचं दुसरं ठेवलं असेल तर एकच फोन तुमच्या राउटरला दोन फोन म्हणून दिसतो, हॉलमध्ये नियम लागतो आणि आतल्या खोलीत गेला की सुटतो. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. दोन्ही राउटरच्या वायफायला नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, आणि घरच्या वायफायपुरतं फोनमध्ये जाऊन रँडमाइज्ड मॅकच्या जागी डिव्हाइस मॅक निवडा, आयफोनमध्ये प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस बंद करा. बाहेर, स्टेशनवर वगैरे, ते चालूच राहू द्या, ती सोय चांगल्यासाठी आहे.

पाहुण्यांच्या फोनचे मॅक कुठे गोळा करत बसणार, त्यामुळे ओळखीच्या डिव्हाइसेसना रेंजबाहेरचे वेगळे आयपी बांधा आणि १०० ते १९९ ही उरलेली सगळी रेंज एका नियमात टाकून तिला मर्यादा द्या. जो कोणी नवीन येईल तो आपोआप त्या मर्यादेत बसेल. काही राउटर रेंजला दिलेला आकडा सगळ्यांत मिळून वाटतात आणि काही प्रत्येकाला तेवढा देतात, दोन फोनवर एकाच वेळी स्पीड टेस्ट लावा म्हणजे तुमचा कसा आहे ते कळेल. रिझर्व्ह केलेला आयपी रेंजच्या आतलाच लागतो असं काही राउटर म्हणतात, तेव्हा रेंजचा वरचा तुकडा, समजा १८० ते १९९, घरच्यांसाठी ठेवा आणि नियम १०० ते १७९ ला लावा.

आता आकडे. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात असं मला वाटतं. बऱ्याच राउटरमध्ये आकडा केबीपीएसमध्ये (एमबीपीएसचा हजारावा भाग) मागतात. तुम्ही १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणून एकूण बँडविड्थच्या रकान्यात १०० लिहिलं तर अख्ख्या घराला १०० केबीपीएस मिळतं, मेसेजमधला फोटोसुद्धा उघडत नाही. १०० एमबीपीएस म्हणजे तिथे १००००० लिहायचं. आणि कॉम्प्युटरवर डाउनलोड होताना जो एमबी पर सेकंद (मेगाबाइट) दिसतो ते माप आठपट मोठं असतं, तिकडे १ दिसतं तेव्हा लाइनवर ८ एमबीपीएस चाललेलं असतं, म्हणून "८ ची मर्यादा लावली पण १ च मिळतंय" असं वाटलं तर नियम बरोबर चाललाय.

एकूण रकान्यात प्लॅनचा आकडा टाकू नका, मोजलेला टाका. लॅपटॉप वायरने पहिल्या राउटरला जोडा, बाकी सगळे वायफायवरून काढा, बँडविड्थ कंट्रोल बंद ठेवा, आणि स्पीड टेस्ट सकाळी एकदा, रात्री नऊ-दहाला एकदा घ्या, कारण रात्री अख्खी बिल्डिंग नेटवर असते. माझा रात्रीचा आकडा डाउनलोड ९२ आणि अपलोड ८८ आला. त्याच्या साधारण ९० टक्के टाकायचं, मी ८२००० आणि ७९००० टाकलं. दहा टक्के का सोडायचे, तर गर्दी झाली की डेटाची रांग कुठे तरी लागणारच, ती तुमच्या राउटरमध्ये लागली तर राउटर ठरवू शकतो कोणाला पुढे सोडायचं, ती नेटवाल्याच्या मशीनमध्ये लागली तर तुमच्या हातात काही नाही. पूर्ण आकडा टाकला तर नियम असून नसल्यासारखे. रांग लांबून कॉल अडकण्याच्या या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात.

अपलोडचा रकाना रिकामा ठेवू नका. आमच्याकडे दोष अपलोडचाच होता, फोटो वर चढत होते. अपलोड भरलं की डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या डेटाची पोच परत त्याच वाटेने जाते. ताईच्या लॅपटॉपला मी अपलोड-डाउनलोड दोन्ही बाजूंनी किमान ८ एमबीपीएस राखून ठेवलंय. झूमचा दोघांमधला ७२०पी कॉल साधारण १.२ एमबीपीएसमध्ये होतो, तेव्हा ते भरपूर आहे. टीव्हीला कमाल २० दिलंय, नेटफ्लिक्स ४के साठी १५ सांगतं, मग आईची सिरियल कधी अडकायचा प्रश्न नाही. पाहुण्यांच्या रेंजला कमाल १० डाउनलोड, ५ अपलोड. असं नेमकं द्या. सरसकट सगळ्यांना २-२ एमबीपीएसवर बांधलं तर लाइन रिकामी पडून राहते आणि घरातले सगळे वैतागतात.

हे सगळं करूनही नियम लागत नसेल तर राउटरमध्ये हार्डवेअर नॅट, नॅट बूस्ट, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन अशा नावाचं काही चालू आहे का बघा. स्पीडसाठी ते डेटाचे तुकडे (पॅकेट्स) राउटरच्या मुख्य प्रोसेसरला वगळून सरळ पलीकडे ढकलतं, आणि नियम तर प्रोसेसरकडे असतात. काही राउटर स्वतःच ते बंद करतात, काहींत हाताने करावं लागतं. राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर टाकलेल्यांनी फ्लो ऑफलोडिंग (त्यातला असाच शॉर्टकट) बंद करा, नाहीतर एसक्यूएमला (त्यातलं रांग सांभाळणारं साधन) ट्रॅफिक दिसतच नाही. हे बंद केल्यावर स्वस्तातला राउटर मोठ्या प्लॅनवर दमतो, एकूण स्पीड खाली आला तर तेच कारण, मग चांगल्या प्रोसेसरचा राउटर पहिल्या जागी आणि जुना आत, अशी अदलाबदल करा.

त्यानंतर आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). बऱ्याच घरगुती राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोलचे नियम फक्त आयपीव्ही४ वर चालतात, आणि यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स हे सगळे आयपीव्ही६ मिळालं की त्यावरून जातात. त्यामुळे एखाद्या साइटवर मर्यादा दिसते आणि यूट्यूब मात्र धो धो चालतं. राउटरमध्ये आयपीव्ही६ थोडा वेळ बंद करून बघा, नियम लगेच लागला तर चोर सापडला. मी ते बंदच ठेवलंय, आजवर काही अडलं नाही, पण तुमच्या राउटरमध्ये आयपीव्ही६ साठी वेगळे नियम लावता येत असतील तर तसं करणं जास्त चांगलं.

तपासायची माझी पद्धत सांगतो. एकच फोन घ्या, मोबाइल डेटा बंद करा (हे विसरलं तर काही फोन मधूनच त्याच्यावर जातात आणि टेस्ट खोटी येते), त्याला ५ एमबीपीएसची मर्यादा लावा, टेस्ट घ्या. साडेचार-पाचच्या आसपास आलं तर नियम लागला. पूर्ण स्पीड आला तर आधी राउटरच्या क्लायंट लिस्टमध्ये त्या फोनचा आयपी खरोखर तोच आहे का बघा, मग हार्डवेअर नॅट, मग आयपीव्ही६. हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत, दोन्हीकडे टेस्ट घ्या. त्यानंतर लॅपटॉपवर ८.८.८.८ ला सतत पिंग (उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी कमांड) चालू ठेवा आणि फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. आधी आमच्याकडे पिंग १०-१२ वरून चारशेच्या वर उडायचा, आता तीसच्या आतबाहेर राहतो. ताईच्या कॉलला याच आकड्याशी मतलब आहे, स्पीड टेस्टच्या आकड्याशी नाही.

कुठल्याही नियमाने न सुटणारी एक गोष्ट म्हणजे हवेतली गर्दी. आमच्या खिडकीत फोन धरला तर वीसेक वायफायची नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, तेव्हा हॉलचा राउटर १ वर असेल तर आतला ११ वर ठेवा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि शक्य ती डिव्हाइसेस ५ गिगाहर्ट्झवर न्या. आतल्या खोलीत फोन अजून हॉलच्या एका दांडीवर लटकलेला असेल तर तो स्वतः हळू चालतोच आणि हवेतला वेळ खाऊन बाकीच्यांनाही मागे ओढतो, त्याचं वायफाय बंद-चालू करून त्याला जवळच्या राउटरवर आणा. वायरचंही बघा, वॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर ९४-९५ च्या वर काही येणार नाही, मग प्लॅन ३०० चा असो. खिडकीबाहेरून वायर नेली असेल तर पावसाळ्यानंतर कनेक्टर काढून बघा, पिनांवर हिरवट थर दिसला तर कनेक्टर बदला, कारण वायरची एक जोडी गेली तरी गिगाबिटची लाइन गुपचूप १०० वर येते.

डबल नॅट मुद्दाम ठेवावा अशी एक परिस्थिती मात्र आहे. आतली खोली पेइंग गेस्टला दिली असेल तर त्यांचा राउटर वॅनमध्येच राहू द्या. पहिल्या राउटरवर त्यांच्या राउटरचा आयपी रिझर्व्ह करा, त्या एका आयपीला ३० एमबीपीएस द्या, आत त्यांनी आपसात कसं वाटायचं ते त्यांच्या राउटरवर ठरवू देत. फक्त दोन्ही राउटरचे लॅन आयपी वेगळ्या मालिकेतले हवेत, दोन्ही १९२.१६८.०.१ असले तर आतल्यांचं नेट चालणारच नाही.

सगळं जमलं की राउटरच्या बॅकअप मेनूतून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर काढून ठेवा. आमच्याकडे मागच्या महिन्यात लाइन दुरुस्तीला आलेल्या माणसाने विचारायच्या आत रीसेटची पिन दाबली, ताईचा कॉल साडेअकराला होता. फाइल परत चढवली, राउटर उठायला दोन मिनिटं, आणि सव्वाअकराला ती आत लॅपटॉप उघडून बसली होती.